दगडांची लागवड

नाशिकच्या बाजूला एका माळावर फेब्रुवारीत मोटारसायकलची शर्यत होते. रस्त्यावरची नाही. ओढा, खडक, नांगरट, बाभळीचं रान असं आठ किलोमीटरचं रिंगण असतं आणि त्यात चार तास गाडी चालवत राहायची. जो जास्त फेऱ्या मारेल तो पुढं. मी तिथं जाऊन आल्यापासून लोक मला शर्यतीबद्दल विचारतात. शर्यतीबद्दल सांगण्यासारखं फार नाही. धूळ होती. सांगण्यासारखे आहेत ते तयारीचे पाच दिवस, जे मी लासूर स्टेशनच्या पुढं एका वस्तीवर काढले. ज्यांनी ती वस्ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी हे लिहिते. म्हणजे जवळजवळ सगळ्यांसाठीच.

आधी माझ्याबद्दल. वय एक्कावन्न. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक आहे. चोवीस वर्षं मोटारसायकलला लशींचा थंड डबा बांधून गावोगाव फिरते, त्यामुळं वाईट वाटांशी ओळख जुनी आहे. शर्यतीची गाडी मात्र भाच्याची. तो नोकरीला परदेशी गेला आणि जाताना म्हणाला, "मावशी, ही विकून टाक." विकायची तर चालते का ते बघायला हवं, म्हणून एका रविवारी शहरालगतच्या साताऱ्याच्या डोंगराकडं नेऊन चालवून बघितली. त्यानंतर ती विकायची राहिली.

शर्यतीचं नाव काढलं तेव्हा नवऱ्यानं एकच प्रश्न विचारला.

"हाड मोडलं तर रजा कुठली टाकशील?"

वैद्यकीय रजा भरपूर शिल्लक होती. विषय संपला.

अडचण वेगळीच होती. पहिल्यांदा येणाऱ्यांची तिथं शर्यतीच्या आदल्या दिवशी परीक्षा घेतात. सुट्या दगडांनी भरलेला एक नाला आहे, पन्नास मीटर लांब. तो जमिनीला पाय न टेकवता पार करायचा. तीन संधी. नाही जमलं तर छातीवर बांधायचा नंबर मिळत नाही आणि शर्यत दोरीच्या बाहेरून बघावी लागते. चिखल मला येतो. वाळू येते. सुटे दगड येत नाहीत. नारळाएवढा दगड चाकाखाली आला की गाडी एकीकडं जाते, मी दुसरीकडं, आणि पाय मला न विचारता खाली जातो. परीक्षेला दहा दिवस होते. रजा पाच दिवसांची मिळाली होती.

बुधवार: क्रांती चौक ते लासूर स्टेशन

ही गाडी डांबरी रस्त्यावर चालवायची नसते, म्हणून आमच्या शहरात माल टाकून लासूरला रिकामा परतणारा एक पिकअप ठरवला. त्याआधी क्रांती चौकाच्या मागं आमच्या दवाखान्याच्या गाड्या बघणारे सलीमभाई आहेत, त्यांच्याकडं गेले. त्यांनी दोन्ही चाकांतली हवा कमी केली.

"पत्थर पे टायर को नरम रहने दो बाजी," ते म्हणाले. बाजी म्हणजे ताई. "और तुम भी जरा नरम रहो."

"मी कशी नरम राहू?"

"वो मेरेकू नक्को पूछो. मैं गाडी का मेकॅनिक हूं."

पिकअपच्या ड्रायव्हरनं गाडी दोरानं बांधली, आणि छावणी ओलांडल्यावर विचारलं, "मॅडम, गाडी कुणाची?"

"माझी."

"चालवतं कोण?"

"मी."

लासूरच्या अलीकडं त्याच्या मनात काय चाललं होतं ते बाहेर आलं.

"मग साहेब काय चालवतात?"

"स्कूटी," मी म्हटलं. खरंच होतं.

लासूर स्टेशन या गावात माझी नणंद विमल राहते. तिचे यजमान कांद्याचे अडते, घर मार्केट यार्डाच्या मागं. गावात शिरताच कांद्याचा वास येतो. दुसऱ्या दिवशी तो कपड्यांना येतो आणि तिसऱ्या दिवसापासून येईनासा होतो, म्हणजे आपणच त्या वासाचे झालेलो असतो. विमलनं बाजरीची भाकरी आणि येसराची आमटी केली होती. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ. ते उकळत्या पाण्यात सोडलं की आमटी होते. शहरात आम्ही ती पाहुणे आल्यावर करतो, विमल दमल्यावर करते. तिची जास्त चांगली होते.

"वहिनी, तुमच्या वयाच्या बाया गुडघ्याला तेल लावून उन्हात बसतात," ती वाढताना म्हणाली.

"मीही लावते. उन्हातच बसते. फक्त गाडीवर."

"बसा. पण परवा संध्याकाळी माझं संक्रांतीचं हळदीकुंकू आहे. पाच वाजता तुम्ही इथं हव्यात. लुगड्यात. आणि हातपाय मोजून घेईन मी."

गुरुवार: वस्ती

लासूरपासून कोसभर आत बिरोबाचं छोटं देऊळ आहे आणि त्याच्या आसपास अकरा घरं. एकेकाळी ही सगळी माणसं आठ महिने मेंढरांमागं फिरायची. आता काही जण मेंढरं राखतात, काही शेती करतात, आणि जानेवारीत वस्तीवरच्या बहुतेक बाया लासूरच्या शिवारात कांद्याची रोपं लावायला जातात. मेंढरांना लस टोचायला मी इथं पंधरा वर्षं येते. अकरा घरांचा कारभार देवकाबाई बघतात. त्यांना कुणी नेमलेलं नाही. त्यांना विचारल्याशिवाय काही होत नाही, एवढंच.

"डाक्टरीनबाई, आज लस हाय व्हय?" मला बघून त्यांनी विचारलं. "मेंढरं तर गेली चरायला."

"लस नाही मावशी. तुमचा चढ हवाय."

ओढ्यातून वस्तीकडं एक गाडीवाट चढते, साठ पावलांची. चार पावसाळ्यांपूर्वी पुरानं तिच्यावर दगड आणून टाकले, तेव्हापासून सगळे देवळाकडून वळसा घालून जातात. मला तीच वाट हवी होती. आमच्या परीक्षेतल्या नाल्यासारखं या भागात दुसरं काही मला ठाऊक नव्हतं.

"चढ? न्या की," देवकाबाई म्हणाल्या. "आमी कुटं तो वापरतो."

त्या दिवशी मी सात वेळा पडले. शहरात पडलं की माणसं आधी मोबाइल काढतात, मग विचारतात. इथं बाया पळत आल्या, आधी गाडी उचलली, मग मला, आणि मग ज्या दगडानं पाडलं तो शोधून काढला. देवकाबाईंनी तो हातात घेऊन नीट बघितला.

"ह्यानं पाडलं," असं म्हणून त्यांनी तो कडेला फेकला.

सातही वेळा हेच झालं. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

दुपारी मेंढीच्या दुधाचा चहा आला. तो इतका दाट असतो की बशीत ओतला तर सावकाश पसरतो. सोबत गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेला हुरडा आणि लसणाची चटणी. शहरात हुरडा खायचा तर मोठे लोक गाड्या काढून शेतावर जातात आणि फोटो काढतात. इथं तो चहाबरोबर येतो, जसं आपल्याकडं बिस्किट.

चढाच्या माथ्यावर लिंबाखाली देवकाबाईंचे मालक सखारामबाबा चातीवर लोकर कातत बसले होते. चाती म्हणजे हातानं फिरवायची लाकडी भोवरी. ती फिरत असते आणि लोकरीचा दोरा होत जातो. मी निघताना ते म्हणाले, "बाई, तुमी परत्येक दगडाला इचारून चालल्या."

"म्हणजे?"

ते परत कातायला लागले.

शुक्रवार: वस्ती, मग लासूर

विमलच्या तिळगुळाच्या वड्या थापून वस्तीवर पोचायला दहा वाजले. ओढ्यात गाडी उभी केली आणि वर बघितलं. चढावर एकही दगड नव्हता.

साठ पावलांची वाट खालपासून वरपर्यंत साफ केलेली होती. खड्ड्यांत मुरूम भरलेला, वर पाणी शिंपडलेलं, कडेनं खराट्याच्या रेघा. दगड टोपल्यांनी वाहून विहिरीशेजारी ढीग घातलेला. अकरा घरांतली बरीचशी माणसं वर ओळीनं उभी होती. कांद्याच्या लागवडीला त्या दिवशी कुणीच गेलं नव्हतं.

देवकाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आता पडून दाखवा."

हेल्मेट डोक्यात होतं, त्यामुळं माझं तोंड कुणाला दिसलं नसावं.

"दिस उगवल्यापासून लागलो," त्या सांगत होत्या. "चार वरसं नुस्तं म्हनत व्हतो, येचू येचू. काल तुमी पडल्या, तवा म्या म्हनलं, आपल्या दारात येऊन बाई सात येळा पडती, लाज वाटाया पायजे आपल्याला."

मी गाडी चालू केली आणि चढ चढले. पोस्टात जाऊन यावं तितकं सोपं होतं. खाली आले, परत चढले. माणसं बघत होती, म्हणून अकरा वेळा चढले. दरवेळी देवकाबाई शेजारणीकडं बघून मान हलवायच्या, जशी आपली सून पंक्तीत नीट वाढताना सासू हलवते. परीक्षेला आठ दिवस राहिले होते आणि मी खराटा मारलेल्या वाटेवर सराव करत होते.

लिंबाखालून सखारामबाबा कुणाला तरी म्हणाले, "गाडी पळती. पर बाईच्या तोंडाला चव नाय."

संध्याकाळी पाचला मी लुगड्यात हजर होते. विमलनं खरोखरच माझे दोन्ही हात उलटसुलट करून बघितले. डाव्या कोपरापासून मनगटापर्यंत जांभळं झालं होतं, त्यावर तिनं पदर ओढून दिला. बायका आल्या, वाण म्हणून गाळण्या वाटल्या गेल्या, आणि एका आजींना कुंकू लावताना माझा पदर सरकला.

"अगं बाई, कशानं झालं?"

"वहिनी शर्यतीला चालल्यात," विमलनं सांगून टाकलं.

"बैलांच्या?"

"नाही आजी. स्वतःच," विमल म्हणाली.

आजींनी माझ्या हातावर एक वडी जास्त ठेवली.

बायका गेल्यावर स्वयंपाकघरात मी विमलला वाटेचं सांगितलं. ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

"मग सांगून टाका ना त्यांना."

"काय सांगू? तुम्ही केलेला उपकार परत घ्या म्हणून?"

"वहिनी, चोवीस वर्षं जनावरांना सुया टोचता. कधी वाईट वाटलंय तुम्हाला?"

"नाही."

"तशीच टोचा."

शनिवार: शिवना नदी आणि परत वस्ती

सुई टोचायच्या आधी दुसरे दगड मिळतात का ते बघून घ्यावं, असं मी ठरवलं. सकाळी शिवना नदीच्या पात्रात उतरले. वाळू उपसून उपसून तिथं नुसते खड्डे उरलेत आणि खड्ड्यांत पाणी. एकात माझं पुढचं चाक गेलं, पाठोपाठ मी गेले. बूट वाळवायला दीड तास गेला. तिथून एका खडी फोडण्याच्या खाणीवर गेले. राखणदार भला माणूस होता.

"मॅडम, दगड लागतील तेवढे घ्या," तो म्हणाला. "पण साडेअकराला सुरुंग आहे. त्याआधी निघा."

खडी बारीक होती. तिच्यावर गाडी रुतते, घसरत नाही. शिवाय साडेअकरा वाजत आले होते.

दुपारी वस्तीवर गेले. देवकाबाई अंगणात ज्वारी निवडत होत्या, सुना शेजारी बसल्या होत्या. मी उभ्याउभ्याच सांगितलं: पुढच्या शनिवारी परीक्षा आहे, ती दगडांवरचीच आहे, मला दगडांवर गाडी येत नाही, मी तुमच्याकडं आले होते ती दगडांसाठी.

देवकाबाईंचा हात सुपात थांबला.

"म्हंजी आमी तुमची परीक्षाच येचून टाकली."

"हो."

धाकट्या सुनेनं पदराआड तोंड नेलं.

"हसू नगं," देवकाबाई तिच्याकडं न बघता म्हणाल्या. मग मला: "काल काहून नाय बोलल्या?"

"तुम्ही सगळ्यांनी एवढं केलं होतं. कामाला गेला नव्हता."

"म्हनून आमच्या तोंडाकडं बघून अकरा येळा वर-खाली केलं?"

"हो."

"नाहक डिझेल जाळलं."

गाडी पेट्रोलवर चालते, पण ही वेळ ते सांगायची नव्हती.

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. माझा त्यांच्याबद्दलचा अंदाज पंधरा वर्षांत फारसा चुकलेला नाही. आता त्या रागावतील असं मला वाटलं. पण त्या मनात काहीतरी मोजत होत्या.

"उद्या या," त्या म्हणाल्या. "सकाळी नगं. जेवनाच्या येळंला या."

"मी सकाळीच येते हात लावायला. दगड जड आहेत."

"तुमी नगं. तुमाला लावता येत नाय."

दगड टाकण्यात न येण्यासारखं काय आहे, हे मला कळलं नाही. पण एका दिवसात दोनदा वाद घालायचा नाही, हे मला कळत होतं.

रविवार: वस्ती

रजेचा शेवटचा दिवस. बारा वाजता ओढ्यात पोचले.

दगड परत आले होते. पण पुरानं आणले तसे नाही. खालपासून वरपर्यंत ओळीनं लावलेले. दोन दगडांत एक वीत अंतर. दुसऱ्या ओळीतला दगड पहिल्या ओळीतल्या दोन दगडांच्या बरोबर मधोमध. ओळ सरळ यावी म्हणून दोरी धरली होती, तिच्या खुंट्या अजून कडेला होत्या. मोठे दगड चढाच्या पायथ्याला, लहान माथ्याकडं, आणि प्रत्येक जण दोन बोटं मुरमात रोवलेला, म्हणजे चाक लागलं की डुलेल पण जागा सोडणार नाही. शाळेच्या कवायतीतसुद्धा मी एवढी शिस्त पाहिलेली नाही.

या बाया महिनाभर रोज सूर्य उगवल्यापासून कांद्याची रोपं लावतात. त्यांच्या हाताला दुसरी पद्धत माहीतच नव्हती.

"कांद्याला चार बोटं धरतो," देवकाबाईंनी समजावलं. "दगड मोठा, म्हनून ईत धरली. मधी पान्याला आडवी सरी सोडली हाय."

पाणी कशाला लागणार होतं, ते मी विचारलं नाही. पण खरं बोलायची सवय आदल्या दिवशी लागली होती, म्हणून एवढं म्हटलं, "मावशी, ओढ्यात दगड असे नसतात."

"ओढ्यात कुनी लावतं व्हय? म्हनून तसे ऱ्हातात."

मी हेल्मेट घातलं.

आधी पाच वेळा पडले. त्याचं कारण तिसऱ्यांदा पडल्यावर लक्षात आलं आणि पाचव्यांदा पटलं. इतके दिवस मी दगडांमधून फट शोधत जात होते. डावीकडं जागा दिसली की हँडल तिकडं, उजवीकडं दिसली की इकडं, आणि त्या ओढाताणीत तोल जायचा. इथं फट नव्हतीच. मधून जावं तर दगड, कडेनं जावं तर दगड, आणि सगळे सारख्या अंतरावर. दगडाला विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. सखारामबाबा गुरुवारी काय म्हणाले, तेही तेव्हा कळलं.

सहाव्यांदा मी दुसरा गिअर टाकला, पायदानांवर उभी राहिले आणि खाली बघायचं सोडून वर लिंबाखाली फिरणाऱ्या चातीकडं बघितलं. गाडी चालू लागताच अंग झटकायला लागली. लस टोचताना मेंढी अशीच झटकते. मेंढीला हातानं आवळलं तर ती निसटते. तिला गुडघ्यांत धरायचं असतं आणि हात मोकळे ठेवायचे असतात. हे मला चोवीस वर्षं ठाऊक होतं. गाडीच्या बाबतीत ते कुणी सांगितलं नव्हतं आणि मला सुचलंही नव्हतं. मी टाकी गुडघ्यांत धरली आणि हात सैल सोडले. गाडीला जिकडं झटकायचं होतं तिकडं तिनं झटकलं आणि आम्ही दोघी वर पोचलो. पाय टेकला नव्हता.

टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत. बाया वाकून बघत होत्या, किती दगड हलले ते. सखारामबाबांनी चाती थांबवली.

"आता नाय इचारलं," ते म्हणाले.

संध्याकाळपर्यंत आणखी दहा वेळा केलं. त्यात दोनदा जमलं. दहात दोन आणि परीक्षेत संधी तीन. ढोबळ हिशेबानं निम्मी आशा. यापेक्षा कमी आशेवर मी म्हशींना सलाइन लावलेलं आहे.

पुढचा शनिवार: नाल्यापाशी

परीक्षा घेणारा पोरगेला माणूस गळ्यात शिट्टी अडकवून उभा होता.

"काकू, कुणाच्या टीमबरोबर आहात?"

"माझ्याच."

त्यानं यादी बघितली, परत माझ्याकडं बघितलं आणि नावापुढं खूण केली. माझ्या पुढं चार मुलं होती. त्यातली दोन पार झाली, एक तिसऱ्या संधीत पडला आणि चौथा नाला बघून घरी फोन करायला गेला.

पहिल्या संधीत मला डावीकडं फट दिसली. चांगली हातभर रुंद, जणू माझ्यासाठीच ठेवलेली. मी तिच्यात शिरले. निम्म्यात ती एका मोठ्या धोंड्यापाशी संपली आणि पाय खाली गेला. दुसऱ्या संधीत फट शोधायची नाही हे इतकं ठरवून निघाले की क्लच सोडायचा अंदाज चुकला आणि गाडी तोंडालाच बंद पडली. तेही एक संधी धरतात.

तिसऱ्या वेळी मी नाल्याच्या काठाला थांबले. मागून कुणीतरी "चला काकू" म्हणालं. मी नाल्यातले दगड एकदा खालपासून वरपर्यंत बघितले आणि मनातल्या मनात ते सगळे परत लावले. वीतभर अंतरानं, एकाआड एक. फटी बुजल्या. मग खाली बघायचं कारण उरलं नाही. पलीकडच्या काठावरच्या बाभळीवर डोळे ठेवले, मेंढी गुडघ्यांत धरली आणि निघाले. मधे एकदा मागचं चाक इतकं घसरलं की माझा पाय सुटला, पण जमिनीपर्यंत पोचायच्या आत गाडीच परत त्याच्याखाली आली.

शिट्टीवाल्यानं मला कापडी नंबर दिला. एक्केचाळीस.

"काकू, प्रॅक्टिस कुठं केली?"

"लासूर स्टेशनजवळ."

"तिथं ट्रॅक आहे?"

"एक आहे. हातानं लावलेला."

दुसऱ्या दिवशी शर्यत झाली. चार तासांत मी चार फेऱ्या मारल्या. पहिला आला त्यानं नऊ मारल्या. बायका दोघी होतो आणि मी दुसरी आले. क्लचचा दांडा मोडला, पायाच्या अंगठ्याचं नख गेलं, रजा टाकावी लागली नाही. धूळ होती, हे वर सांगितलंच आहे.

परत वस्ती

पुढच्या आठवड्यात वस्तीवर लस टोचायचा दिवस होताच, म्हणून वेगळी चक्कर मारावी लागली नाही. सरकारी मोटारसायकल, थंड डबा आणि खिशात तो कापडी नंबर. देवळाकडून वळसा घालून गेले.

"मिळाला का?" देवकाबाईंनी डबा उतरवायच्या आत विचारलं.

मी नंबर दिला. तो हातोहात फिरला. सखारामबाबांनी तो उलटा करून बघितला, नाकाशी नेला आणि म्हणाले, "धुतला नाय अजून."

दीडशे मेंढरांना लस टोचून झाल्यावर देवकाबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मंग आता काढू का दगड?"

मी चढाकडं बघितलं. दगड जसेच्या तसे होते. जवळजवळ दोन आठवडे ही माणसं चारा आणि पाणी डोक्यावर घेऊन देवळाकडून वळसा घालत होती. वाटेवर कुणी पाय दिला नव्हता. एक दगड बोकडानं उखडला होता, तो कुणीतरी परत जागेवर रोवलेला दिसत होता.

"मी शर्यत झाल्यावर कळवायला हवं होतं," मी म्हटलं.

"परत परीक्षा असंल तर ऱ्हाऊ द्या. पर दोन महिन्यानं कांदा निघंल. ट्रॅक्टर ह्याच वाटंनं आनावा म्हनतो. एवढी सोय झाली आता, तर कशाला वळसा."

"काढा. मी पण येते. का वेचताही येत नाही मला?"

"तेवढं येतं सगळ्यांला," त्या म्हणाल्या आणि माझ्या हातात टोपली दिली.

आठ माणसं होतो. खुंटीपासून खुंटीपर्यंत एकेक ओळ वाटून घेतली. कांदा काढताना बाया जशा बसून सरकतात, तसं सरकायचं. माझी ओळ सगळ्यांत शेवटी संपली. ऊन उतरायच्या आत वाट परत सपाट झाली, मुरूम पडला, पाणी शिंपडून झालं.

"आता ह्याच वाटंनं उतरा अन् एकदा वर येऊन दाखवा," देवकाबाई म्हणाल्या. "आमाला बघू द्या."

मी सरकारी गाडी काढली, ओढ्यात उतरले आणि चढून वर आले. बसूनच. अर्धं मिनिटही लागलं नाही.

"कसं वाटलं?"

"झकास," मी म्हटलं.

सखारामबाबांनी चाती थांबवली आणि माझ्या तोंडाकडं बघायला लागले. मी हेल्मेटची काच खाली ओढली.